दौत

हायरम टॉलिव्हर गव्हर्नर होते तेव्हा
त्यांची दौत माझ्या काखेत असायची.
सेज क्रीकच्या त्या हिवाळ्यात शाई गोठायची,
आणि शाई गोठली की सरकार गोठायचं.

सरकार म्हणजे तरी काय:
खाली घोड्यांना नाल मारणाऱ्याचं दुकान, वर आम्ही दोघं,
मक्याच्या पिठात पुरून ठेवलेली मुद्रा
आणि एक नकाशा, मधोमध कोरा.
"इथे नदी असणार," एका रात्री ते म्हणाले,
आणि काढली. पश्चिमेकडून पूर्वेकडे,
अंगठ्याने पुसत, पुन्हा काढत,
टेबलाची कड संपते तिथवर.

फेब्रुवारीत करार झाला.
नदीच्या उजव्या तीराची जमीन तुमची, असं मी लिहिलं.
साहेबांनी खिडकीतून हात केला, दक्षिणेकडे,
गवताच्या टेकड्यांकडे.
समोरच्या म्हाताऱ्याने हात पाहिला.
कागद त्याने कशाला पाहावा?
त्याचं नाव दुभाष्याच्या जिभेवर बसेना,
म्हणून मी फुलीपुरती जागा सोडली.
शाई ऊबदार होती. माझ्याच अंगाची ऊब.

पुढच्या उन्हाळ्यात मोजणीवाले परतले.
नदी होती, अगदी तिथेच होती,
फक्त उलटी वाहत होती.

उजवं ते डावं झालं.
टेकड्या आमच्या, खडक त्यांचा,
कागदावरचं एक अक्षर न खोडता.
म्हातारा आला, अंगणात उभा राहिला,
काही न बोलता हात केला, दक्षिणेकडे.
साहेब आत होते.
मी सांगितलं, बाहेरगावी गेलेत.

मग प्रांताचं राज्य झालं,
आणि त्या टेकड्यांवर ज्यांची गुरं माजली
त्यांनी साहेबांना वॉशिंग्टनला धाडलं.
तिथे संगमरवर, गालिचे, नळ्यांतून खेळणारी वाफ.
शाई कधी म्हणून गोठली नाही.
सिनेटर टॉलिव्हर अकरा वर्षं बोलले,
रेल्वेवर, टपालावर, लोकरीच्या जकातीवर.
नदीवर एकदाही नाही.

शेवटच्या दुखण्यात मला बोलावून घेतलं.
वाटलं, मृत्युपत्र असेल; दौत नेली.
पलंगावरून त्यांनी हात उचलला,
खिडकीकडे, मग भिंतीकडे, मग परत.
"लेमुएल, दक्षिण कुठे रे?"

मी दाखवली.
हात तसाच राहिला त्यांचा, बराच वेळ.

घरी येऊन सदरा काढला तर
काखेत मोठा काळा डाग.
सवयीने तिथेच धरली होती मी दौत,
ऐन जुलैत.