साइड बी

दोडका काल एकशे बारा होता.
आज एकशे एकोणतीस.
मिलिमीटर हां, आणि व्हर्नियरनं मोजलेला.
टेपनं मोजायला आपण काय शिंपी आहोत?
शर्विल जबडा धरतो, राजनंदिनी आकडा वाचते,
वेल हलू नये म्हणून मी
वारा अडवून उभा.

एकेचाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली.
दोन शतांश इकडंतिकडं झालं
की जॉब भंगारात.
इथं कदमवाडीच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत
कुणीच मापात नाही.
वांगं वाकडं. मिरचीला दोन नाकं.
आणि भोपळा तर पत्रा ओलांडून
मगदुमांच्या डिशवर चढला, तिकडंच फळ धरलं.
मगदूमवहिनी म्हणतात, अर्धा आमचा.
राजनंदिनीनं कंबरेवर हात ठेवून निवाडा दिला:
भोपळा तुमचा, बिया आमच्या.
वय वर्षं आठ.

सून सीपीआरला नर्स.
तिची रात्रपाळी असली की पोरं माझी.
मुगाची खिचडी, वर तूप,
शर्विलच्या ताटात पापड मोडलेला चालत नाही,
राजनंदिनीला मोडलेलाच लागतो.
भांडी विसळून झाली की शर्विल
न सांगता पेन्सिल घेऊन येतो
आणि कॅसेटच्या दातांत घालून फिरवत बसतो,
जीभ बाहेर काढून,
मी पूर्वी चक घट्ट करायचो तसा.

देवल क्लबातली मैफल, साल शहाऐंशी.
टेपरेकॉर्डर उसना, कॅसेट माझी.
बाईंनी नट कामोद धरला होता.
साइड ए वर नुसतं गाणं आहे.
पोरांना साइड बी लागते.

लेथनं माझ्या कानातलं वरचं वरचं नेलं.
बाईंची तान चढत जाते
आणि एका पायरीवर मला दिसेनाशी होते.
मी राजनंदिनीकडं बघतो.
ती बोट वर, वर, अजून वर नेते,
मग सावकाश खाली आणते.
तेवढ्यावर माझं भागतं.

आता आली बघा जागा.
शर्विल पेन्सिल खाली ठेवतो.
तबला जरा आत सरकतो, बाई समेकडं निघतात,
आणि बायकांच्या बाजूनं, तिसऱ्या की चौथ्या रांगेतनं
खोकला.
एक. दोन. तिसरा पदरात दाबलेला.
"आज्जी!" दोघं एकदम.

दुपारभर डंकावर चटणी कांडून आली होती मालन.
आठ किलो मिरची, संकेश्वरी.
नको म्हणत होती, घशात तिखट बसलंय,
मीच म्हणालो, चल, असं गाणं परत नाही मिळायचं.
आणि मग रेकॉर्डिंग नासलं म्हणून
खासबागेपासून घरापर्यंत
तिच्याशी एक शब्द बोललो नाही.
ती सायकलवर मागं बसलेली.
मध्येच एकदा म्हणाली, छान गायल्या पण.
मी पायडल मारत राहिलो.

पोरांनी तिला बघितलेलं नाही.
भिंतीवरच्या फोटोपुढं ती गप्प असतात,
नमस्कार करतात आणि पळतात.
पण हा खोकला त्यांच्या ओळखीचा आहे.
तिच्याबरोबर तीही खोकतात,
एक, दोन, तिसरा हातात दाबून,
शर्विल तर चौथाही जोडतो, आपल्या मनाचा.
हसण्यात सम निघून जाते, रोज.
एवढ्या दिवसांत बाई समेवर कशा आल्या
ते आम्ही कुणी ऐकलेलं नाही.
"आज्जा, परत."
मी रिवाइंड करतो.

सकाळी दोडका एकशे त्रेचाळीस.
राजनंदिनी वहीत लिहिते, खाली रेघ मारते,
मग व्हर्नियरच्या टोकाकडं बघते.
दीडशेवर पट्टीच संपते.
"आज्जा, उद्या मावला नाही तर?"

मावला नाही तर काय,
भाजी.
शेंगदाण्याचं कूट घालून.