शिफ्ट दाबून ळ

खानापुरात तहसीलदार कचेरीसमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-कन्नड टायपिंग.
पाटीवर नियमाप्रमाणं वर ठळक कन्नड,
खाली मुंगीएवढी मराठी,
आणि कीबोर्डवर दोन्ही नाहीत.
तिथं परकी सव्वीस अक्षरं,
त्यातलं एन पार पुसून गेलंय
लोकांच्या 'नम्र विनंती'नं.

मनात मराठी बोलते, बोटांनी इंग्रजी मारते,
मधल्या मधे मशीन ऐकतं.
बहुतेकदा बरोबर ऐकतं.
परवा एकाच्या शेताचं 'शेट' झालं,
तो म्हणाला, असू दे, कागदावर तरी.

दुपारी भरमाण्णा सुळगेकर आला.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
बायकोच्या वर्षश्राद्धाचं पत्रक,
पन्नास मराठीत, पन्नास कन्नडात.
तिचं माहेर गोकाकच्या अलीकडं,
तिकडं ही लिपी कोण वाचणार.
नाव?
मंगळव्वा.

मारलं. पडद्यावर आलं 'मंगलव्वा'.
दुसरी शिकलेला माणूस,
काचेला नाक लावून बघत राहिला.
"ही नव्हं."
काका, तेच आहे.
"ही कोण तर पुस्तकातली बाई हाय.
आमच्या हिच्या नावात जीभ वर वळत्या."

मी हळूच म्हणून बघितलं.
वळते.

डावी शिफ्ट दिवाळीत चहा सांडून गेली.
उजवी दाबायची करंगळीनं,
आणि एल तिच्याच शेजारणीच्या वाट्याला,
दोघी एका पंजात अवघडतात.
कळ दाबली की कळ येते,
रोज येते, शंभरदा येते,
इथल्या गावांच्या नावांत केवढे ळ आहेत
हे माझ्या करंगळीला विचारा.

मंगळव्वा.
त्यानं त्या दोन वाटोळ्या पोटांवर बोट ठेवलं
आणि काढलं नाही.
मला प्रिंट द्यायची होती, थांबले.

मग एक बटण दाबून भाषा बदलली.
तीच अक्षरं, तोच क्रम,
शेवटचा एक ए तेवढा कमी,
करंगळी तिथंच, शिफ्टवर.
समोर गोल गोल कन्नड मंगळव्वा.
ते त्याला वाचता येत नाही.
"हितं वळली काय जीभ?"
वळली, म्हटलं. त्यांनाही शिफ्टच लागते.

"लगीन झालं तवा तिला मराठी येत नव्हतं,
मला कन्नड," एवढं म्हणून
तो सुट्टे मोजायला लागला.
दहा रुपये कमी पडले.
मी म्हटलं राहू दे, तर रागावला,
संध्याकाळच्या बसनं पाठवतो म्हणाला.

"काय करूलालीस गं, माझा उतारा कर की!"
मागची बाई कधीची ताटकळलेली.
घाईनं तिचा अर्ज घेतला,
करंगळी शिफ्टवर विसरूनच गेले होते,
'नम्र विणंती' उमटली.
बघितली घटकाभर.
पुसली. कचेरीत चालत नाही.