तिनावरचं टिंब

तळाशीलच्या रापणीचा हिशेब
गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आला.
आधी गुणाजीकाका लिहायचे, लाल कापडी वहीत.
एक उभी रेघ म्हणजे पाव,
दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण.
पोरग्याला अर्धा वाटा,
जाळं शिवणाऱ्याला सव्वा, तांडेलाला दीड.
पावकी-निमकी तंबाखूसारखी दाढेखाली.

मी मोबाईलवर तक्ता केला.
पाव गेला, ०.२५ आला.
पाऊण, सव्वा, दीड
बिनतक्रार टिंबापलीकडे जाऊन बसले.
छेद दोनाच्या नाहीतर पाचाच्या पोटचा असला
की भागाकार संपतो,
परुळेकर बाई सांगायच्या सहावीत,
बाकीच्यांचं काही खरं नाही.
तेव्हा मी खिडकीतून खाडी बघत होते.

जानू खवणेकर गेला
तेव्हा त्याचा एक वाटा उल्हास आणि विश्रामला,
निम्मा-निम्मा.
०.५, ०.५.
बांगडा मधोमध कापल्यासारखं.

मग शिमग्याच्या आधल्या आठवड्यात
देवबागहून सुगंधा आली,
ओचा खोचून दोरीला लागली,
सगळ्यांच्या मागे, वाळूत टाचा रोवून.
लिलाव झाल्यावर माझ्यासमोर उभी.
"बापाशीच्या वाट्यात माजोय वाटो. लिव."
उल्हास म्हणाला, "बरो सरळ हिशोब होतो,
आता तुटाचो नाय."

खरंच तुटेना.
एकाला तिनाने भागलं:
दहातून नऊ गेले, उरला एक.
त्यावर शून्य, परत दहा, परत नऊ,
परत तोच एक,
टोपल्या उचलून झाल्यावरही
हलायचं नाव न घेणारा.
बाई तिनाच्या डोक्यावर टिंब द्यायच्या.
आवर्ती. म्हणजे हाच पुढे, कायम.
मला ते अनुस्वारासारखं दिसायचं,
तोंड मिटलं तरी नाकातून चालू राहणारं.

तक्त्यात टिंबाला जागा नव्हती.
मी ०.३३ लिहिलं आणि झोपले.

महिनाभराने एका संध्याकाळी
पूर्ण वाटा नऊशेचा पडला.
तिघांच्या हातात दोनशे सत्त्याण्णव.
सुगंधाने ओल्या वाळूवर बोटाने बेरीज केली
(ती चौथी पास, मी बी.कॉम.)
आठशे एक्क्याण्णव.
"मगे नव रुपये दर्यान खाल्ल्यान?"

मी आधी भागलं होतं,
भागलेलं छाटलं होतं,
आणि छाटलेल्याने गुणलं होतं.
नऊशेचे तीन सरळ तीनशे होतात
हे कुणाला विचारायची गरज नव्हती.
तरी गुणाजीकाकांकडे गेले.
ते खाटेवर, पायाला तेल लावत. हसले नाहीत.
"तिजाई म्हण गो. तिजाई म्हटला की पुरा होता."
आणि नऊशे दहा झाले तर?
रुपया उरणारच की.
"मासो उरलो तर आमी
जो कोण रिकामी पाटी घेवन उभो असा, तेका द्यायचो.
बाकी कोणाची तरी असताच."

आता सुगंधाच्या नावापुढे
१/३ आहे, तिरप्या रेघेसकट.
मोबाईलला ती तारीख वाटते,
एक मार्च करून टाकतो.
मी पुन्हा १/३ करते.
उल्हासच्या पुढे, विश्रामच्या पुढेही तेच,
तीन वेळा एक मार्च, तीन वेळा खोडायचं.

शेवटी एक नवा रकाना घातलाय: उरलेले.
त्यात आजवर चौदा रुपये.
उल्हास रोज विचारतो कुणाला देणार.
सुगंधा विचारत नाही,
किनाऱ्यावर कोण पाटी घेऊन उभं आहे ते बघते.

काल रात्री मी चौदाला
तिनाने भागून बघितलं, सवयीने.
दोन उरले.