पाचाला सात

बंद पडलेल्या मागावर जुनं दार आडवं टाकलं होतं,
त्यावर व्यंकूमामाच्या टाकाऊ नकाशाचा कागद:
चादरीवरचा मोर, निम्मा रंगवून सोडलेला,
सगळा घराघरांचा.
मोराच्या पोटात माझी फौज,
पिसाऱ्यात श्रीशैलची.

घोडेस्वार म्हणजे फुटक्या बॉबिनचे तुकडे,
भालाईत शाडूचे, हातात खराट्याची काडी.
नियम आमचेच, वहीच्या मागच्या पानावर:
भाला दोन घरं पोचतो.
कुणीकडं, ते लिहायचं राहिलं होतं.

एप्रिल. साखर पेठेत दुपारी पत्रा आपोआप वाजतो.
श्रीशैलनं भालाईत सरकवला,
दोन घरं तिरकी मोजली
आणि माझा सेनापती उचलून
थेट पँटच्या खिशात.

"तिरकं लांब असतंय बे."
"घर ते घर. कोपऱ्यातनं गेलं तरी एकच."
"मग तू कायम कोपऱ्यातनंच जाशील."
"जाईन की. तुला कोण अडवलंय?"

मामा चष्मा कपाळावर चढवून आला.
आमचं रणांगण त्यानं बोटानं चाचपलं, कापड चाचपावं तसं.
"ही घरं चौरस कुठं आहेत रे?
रुंदीला आठ, तेवढ्याच उंचीला बारा.
उभा धागा वेगळा, आडवा वेगळा."
म्हणजे आठवडाभर
माझे घोडे पूर्वेला जास्त पळत होते
आणि उत्तरेला कमी,
आणि कुणालाच पत्ता नव्हता.

मामी टॉवेलांचे काठ शिवत होती.
"एमिरा, भांडण कशाचं?" म्हणत उठली,
दातानं दोरा तोडला,
शहाबादी फरशीवर उकिडवी बसली.
कोपऱ्यातून कोपऱ्यात पाच फरश्या
दोरा ताणला, चिमटीत धरला,
मग तोच भिंतीच्या कडेनं सरळ टाकला.
सात फरश्या.
सात, आणि वर बोटभर.

श्रीशैल परत मोजायला लागला. परत सात.
परत ते बोट.

मग ठरलं: पहिलं तिरकं पाऊल एक,
दुसरं दोन, तिसरं एक, चौथं दोन,
पाचव्याला सात भरतात.
वरचं बोट कुणाच्या नावावर टाकायचं,
ते मामीनंही सांगितलं नाही.

"म्हणजे दोन तिरकी घरं तीन झाली.
भाला दोनच पोचतो. सेनापती काढ."
श्रीशैल गप्प.
मग म्हणाला, "असं केलं तर भालाईताच्या
चारी कोपऱ्यांत भोकं पडतील.
तिथनं कोणीपण घुसेल."
हेही खरंच होतं.

मामी मशीनवर परत बसली होती.
पलीकडच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची रीळ,
हात पुरण्यासारखी नव्हती.
ती उठली नाही. खांदा टाकला, कंबर वळवली,
एक पाय जमिनीवरनं सुटला,
बांगड्या कोपराकडं सरकल्या,
आणि रीळ तिच्या हातात.
"चालायचं असेल तर दोऱ्यानं मोजा," ती म्हणाली,
"हात लांबवताना माणूस वाकतंय."

वहीत दोन ओळी वाढल्या.
चाल: एक, दोन, एक, दोन.
भाला: कोपऱ्यावर माफ.

सेनापती पहिल्या ओळीवर माझा झाला होता,
दुसऱ्या ओळीवर परत गेला.
पण मी हट्ट धरला, एकदा बघू तरी दे.
श्रीशैलनं खिशात हात घातला, जरा वेळ आतच ठेवला.
बाहेर आली ती घामानं भिजलेली माती,
तिला चिकटलेली एक काडी
आणि लिमलेटचा कागद.

त्यानं ती मोराच्या डोळ्यावर पुसली.
कुणी हरलं असं धरलं नाही त्या दिवशी.

परवा घरात फरशी बसवताना
मिस्त्री तिरका माप घेत होता, मी बसल्या जागी म्हणालो,
पाचाला सात धरा.
त्यानं टेप लावली, माझ्याकडं बघितलं.
"थोडं जास्त येतंय, साहेब."
म्हटलं, माहीत आहे.
ते राहू द्या.