दुमडीपुरतं

टिमकीतले माग थांबले तेव्हा
बाबांनी पत्र्याची कैची हातात घेतली.
बोटं सुताचीच राहिली.
कैचीसुद्धा ते धोट्यासारखी धरायचे.

मे महिना. दुपारी पत्रा हात लावू देत नाही.
जवसाच्या घाणीवरचे हेडाऊ सायकलवरूनच सांगून गेले :
नरसाळं पाहिजे, तोंड एकवीसचं,
उतार अठ्ठावीस. उद्याच्याला.

कूलरच्या पंख्याची जागा कापताना निघालेली
गोल चकती कोपऱ्यात पडली होती.
मधोमध खिळ्याचं भोक.
भोकापासून काठापर्यंत बरोब्बर अठ्ठावीस.

मी दहावीत. गरजेपेक्षा शहाणी.
म्हटलं, बाबा, थांबा,
तोंडाचा घेर तोच पत्र्यावरचा कंस,
उतार तीच त्रिज्या.
कंसाला त्रिज्येनं भागायचं :
सहासष्ट भागिले अठ्ठावीस,
दोन पूर्णांक छत्तीस, जवळपास.
म्हणजे त्रिज्येएवढा दोरा काठाकाठानं
दोनदा पुरा बसेल,
तिसऱ्यांदा अर्ध्याच्याही अलीकडे संपेल.
असा एकेक दोरा मध्यापाशी
सत्तावन्न अंश उघडतो, वर थोडं.
गुणलं. एकशे पस्तीस.

"हो का," बाबा म्हणाले,
आणि फळीवरून खळ लावलेला जुना ताणा काढला.
एकवीस रुंदीच्या डब्याला एक वेढा,
तोच दोरा चकतीच्या काठावर अंथरला,
संपला तिथं खिळ्यानं ओरखडा.
ना भागाकार, ना अंश.

मी कंपासपेटीतला कोनमापक भोकावर ठेवला.
एकशे पस्तीस.
ओरखडा रेघेवर.
मी ओरडलेच,
शेजारच्या पौनीकरांची म्हातारी काय झालं म्हणून उठून आली.

तेवढ्यात कैची ओरखडा ओलांडून
बोटभर पुढं गेली.
बाबा, चुकलं!
"अन् दुमडाले काय ठेवलं वं बाई?
तुह्या हिशेबात तेल गळते."

दोन कडा एकमेकींत अडकल्या,
हातोडी हळू, मग जोरात.
नरसाळं रात्री घाणीवर गेलं.
पैसे दिवाळीनंतर आले.

उरलेली चकती, दोनशे पंचवीस अंश
वजा एक बोट,
आईनं पश्चिमेच्या खिडकीत बसवली,
ऊन अडायला.
तेवढ्या फटीतून ते आत यायचंच,
जमिनीवर एक उजळ पाचर.
मी पालथी पडून कोनमापक लावायची.
चारला एक कोन, पाचला भलताच,
सहाला पाचर भिंतीवर चढलेली
आणि तिचं टोक कुठं आहे तेच दिसेना.

पुस्तकात तो धडा नव्हता.
बाबांना विचारलं.
ते झोपले होते, हातात दोरा.