हिवाळ्यातला कूलर

फॉर्मवर प्रश्न एवढाच होता, मॅडम,
आधी काय सुरू झालं?
पुढे दोन चौकोन,
एकात नशा, एकात मन.
खूण एकातच करायची.

मी पेनाला टोपण लावलं.
मेडिकल चौकात झेरॉक्सच्या दुकानात बसते मी,
असले फॉर्म दिवसाला शंभर काढते,
भरायचा कधी आला नव्हता.

खाली म्हणाले, आधी डोक्याचं पाहून या,
इथं असले पोट्टे टिकत नाहीत.
वर म्हणाले, आधी नशा सोडवा, मग डोक्याचं पाहू.
जिना एकच.
निहालनं पायऱ्या मोजल्या, चढताना, उतरताना,
मोठ्यानं.
उतरताना एक कमी भरली
म्हणून तो पुन्हा वर गेला.
मी खाली दोन चिठ्ठ्या धरून उभी.

तर आधी काय.

आमचे बाबा कूलरवाले. तांडापेठ.
होळी झाली की घरभर खस,
अंथरुणात खस, वरणात खस.
निहाल दहाव्या वर्षापासून ताट्या भरायचा,
शेहेचाळीस डिग्रीत लोकांच्या गच्च्यांवर,
बोटांत काड्या मोडलेल्या.
रात्री आमचा स्वतःचा कूलर,
लोखंडी, जुना, कोणी विकत घेईना म्हणून उरलेला.
शेजारचे विचारत, हेडाऊजी, घरात चक्की लावली का?
निहाल उशी घेऊन थेट त्याच्या तोंडाशी झोपायचा.
आई म्हणायची, पोट्ट्याले गरमी भल्ली होते.

दसऱ्यानंतर कूलर बंद होतो.
पाणी काढायचं, टाकी पुसायची,
वरून जुनी चादर, सुतळी.
आठवडाभरात सगळी गल्ली गप्प होते.
आम्हाला वाटायचं, थंडी आली.
त्याला त्या गप्पपणातून माणसं ऐकू यायची.

सतरा वर्षांचा होता.
सांगणार तरी कोणाला,
ती माणसं आमच्याच आवाजात बोलत होती.
बाबांच्या आवाजात, टाकी फुटकी आहे बे तुझी.
माझ्या आवाजात काय
ते तो अजून सांगत नाही.

गळती बुजवायचं सोल्यूशन बाबांच्याच पेटीत असायचं.
ताई, तो म्हणाला, कूलर लागल्यासारखं वाटे.
घर्रर्र. मग कोणी बोलेना.

पुढचं तुमच्या कागदात आहे.
पेटीला कुलूप, मोतीबागेची पोरं,
काकांच्या दोन थपडा, आईचा ताजबागेतला धागा,
अकरावीचं न भरलेलं शुल्क.
आणि मग ते आवाज सोल्यूशनलाही भिईनात,
त्याच्यावरच पोसले,
दिवसाढवळ्या यायला लागले, चप्पल न काढता.

तुम्ही मला काही विचारलं नाही.
त्याच्याकडे वळून म्हणालात,
निहाल, आत्ता काय ऐकू येतं?
तो बराच वेळ वर पाहत राहिला.
मग म्हणाला,
तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलं आहे.

आम्ही तिघांनी वर पाहिलं.
गेलं होतं.
वर्षभरात पहिल्यांदा
त्याला ऐकू आलं ते मलाही ऐकू आलं.
मी त्या खोलीत हसले, मॅडम, माफ करा,
मला दुसरं काही सुचलं नाही.

बाबांनी त्या रात्री चादर सोडली.
पंप काढून ठेवला, ताट्या काढल्या,
पाण्याशिवाय नुसता पंखा, भर डिसेंबरात.
लोक अंगणात शेकोटीला बसलेले,
खिडकीतून आत पाहत होते.
बाबा कोणालाच काही बोलले नाहीत.
एक गोधडी जास्तीची टाकली.

बरा झाला असं नाही म्हणत मी.
गोळ्या दोन रंगांच्या, एकाच डब्यात.
मागच्या आठवड्यात दोन रात्री तो घरी नव्हता.
तिसऱ्या पहाटे आला, हाताला तोच वास,
दारातूनच म्हणाला,
काहून बंद केला?

मी उठून बटण दाबलं.
फॉर्म माझ्या पिशवीत आहे.
खूण केलेली नाही.