पळणार की नाही

शनिवारी रात्री आठला आमच्या घरी कोणी फोन उचलत नसे.
बाबा काचेच्या कारखान्यातून येत,
भुवयांवरची पांढरी धूळ तशीच,
आणि सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसत, जिथली स्प्रिंग
फक्त त्यांच्याच वजनाला वळण लागलेली.
वांडामावशी सुट्ट्या सेंटांचा डबा आणायची.
पैज एकच: पळणार की नाही.

गाडीच्या पुढच्या काचेतून रस्ता येत राहायचा,
ओला, काळा, कुठल्याही गावाचा.
चालवणारा पोलीस मासेमारीबद्दल बोलायचा,
किंवा मुलीच्या दातांच्या तारेचा खर्च सांगायचा,
मग वायरलेसची खरखर, आणि त्याचा आवाज
वाक्याच्या मध्यातच दुसऱ्या कुणाचा व्हायचा.
मला पकडापकडीपेक्षा तेच जास्त आठवतं.
त्या मुलीच्या दातांचं पुढे काय झालं, कधी कळलं नाही.

अंगात शर्ट नसलेला पळतोच, हा मावशीचा नियम.
स्लिपर घातलेला पळत नाही.
'ही पँट माझी नाहीच' म्हणणारा आधीच दमलेला असतो.
सगळा देश मी असा पाहिला, टॉर्चच्या उजेडात:
जाळीची दारं, भुंकणारी कुत्री,
पायरीवर गाऊनमधली बाई, सिगारेटचा हात हलवत,
तो चांगला आहे हो, प्यायला नसला की.
आम्ही हसायचो. पोट धरधरून हसायचो.
ते आता झाकून काय करायचं?

मग मार्चमधला तो शनिवार.
ओला, काळा रस्ता आला, आणि वळणावर
बंद पडलेल्या बेकरीची पाटी.
बाबा ताठ बसले. अरे, हे तर आपलं टोलेडो!
मावशीने टाळी वाजवली.
पुढे दोन घरं, आणि तिसऱ्याच्या पायरीवर
सिमेंटचा हंस, पिवळ्या रेनकोटातला.

तो रेनकोट आईने शिवला होता, शेवटच्या आजारात.
घर सोडताना थॅडने तेवढाच मागून नेला होता.

त्याचा चेहरा चौकोनाचौकोनांनी पुसला होता,
कागदावर सही दिली नसणार.
हंसाची सही कोण मागतंय?
तो लख्ख दिसत होता, बटणांसकट.
अब्रू वेशीला टांगतात म्हणतात,
आमची आठ-वीसला पायरीवर उभी होती, रेनकोट घालून.

डब्यात एकतीस सेंट होते.
सगळे 'पळणार'वर. बाबांचेसुद्धा.
अंगात शर्ट नव्हता ना.

थॅड पळाला नाही.
पायरीवर बसला, हात स्वतःच मागे दिले,
आणि त्या चौकोनांमागून म्हणाला,
'तेवढं दार लावून घ्या, साहेब, कुत्रं बाहेर जाईल.'

शाम्पूची जाहिरात लागली.
बाबांनी टीव्ही बंद केला नाही.
एकतीस सेंट मोजत बसले, परत परत,
कोणीच जिंकलं नव्हतं तरी.

थॅड शहाण्णवला गेला.
लग्न नव्हतं, म्हणून लग्नाची कॅसेट नाही.
शाळेच्या नाटकात तो झाड होता, आणि झाड बोलत नाही.

माझी मुलगी डिलेनी म्हणते,
गरिबांच्या वाईट रात्री विकायचे ते, आई,
तुला त्याची कसली आठवण येते?
खरं आहे तिचं. मी भांडत नाही.
पण परवा एका गराज सेलमध्ये खोकं दिसलं,
कोणीतरी टीव्हीवरून उतरवलेल्या कॅसेटी,
बॉलपेनने टाकलेल्या तारखा. आठ डॉलर.
मार्च होता त्यात.

मी सुरुवातीपासून बघते, पुढे पळवत नाही.
एक सेंट काढून ठेवते, 'नाही'वर.
तो बोलला की उठून दार बघून येते.
घरात सोळा वर्षं कुत्रं नाही.

तोवर पुढचा भाग सुरू झालेला असतो,
दुसरंच गाव, शर्ट नसलेला पोरगा,
कुंपणावर चढताना पँट अडकते त्याची,
आणि मला हसू येतं, अजून येतं.
मग टेप मागे नेऊन
त्याच्या पायरीवर काय ठेवलंय
ते मी शोधत राहते.